पाइपाच्या गॅसची शेगडी

"हॅलो?… हॅलो, कोण? गजू?… हो, मीच. दुसरं कोण असन या घरात?… थांबजो रे बाबा जरासा… तुले नाई, माणिकले म्हटलं. सिलिंडरवाला माणिक. दारात उभा आहे… हो, सिलिंडर घेऊन… मी बुक केलं. मी… काऊन म्हणजे? स्वयंपाक कायवर करू, निरांजनावर?"

सिंदी रेल्वे या गावी, बाजारामागच्या गल्लीत देवकाबाई एकट्या राहतात. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, प्रभाकरराव गेले, मुलगा गजेंद्र नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि बाई आपल्या घरात आपल्या हातचं रांधून खात होत्या. गॅसचं कनेक्शन त्यांच्या नावावर आहे, पण नंबर लिहिलाय गजेंद्रच्या मोबाइलचा. वडील गेल्यावर त्यानंच कागदपत्रं केली, त्यानंच आपला नंबर टाकला. तेव्हा बाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सिलिंडर घरी निघालं की चार आकड्यांचा कोड त्या नंबरावर जातो, आणि तो सांगितल्याशिवाय सिलिंडर मिळत नाही. आज तो कोड पुण्यात जाऊन पडला आणि गजेंद्रनं तडक फोन लावला. त्यानं तर आईचं सिलिंडर बुक करणंच बंद करून टाकलं होतं.

"मेसेज आला ना तुले? त्यात चार आकडे आहेत, ते सांग… आधी आकडे सांग, मग बोलू… अरे, माणसाची गाडी गल्लीत उभी आहे, मागं कापसाच्या गाड्या लागल्या, भोंगे वाजवून राह्यले… नाई सांगत? काऊन नाई सांगत?… 'तुझ्या हातात गॅस नको.' बरं. बोल. अजून बोल. ऐकून राह्यली मी."

माणिकनं सिलिंडर उंबऱ्याशी टेकवलं आणि रुमालानं मान पुसली. बाईंनी त्याला हातानंच बसायची खूण केली.

"झालं बोलून? आता माह्यं ऐक. एजन्सीत मी स्वतः गेलती… ऑटोनं. तिथल्या पोरीनं कॉम्प्युटरमधे पाह्यलं अन् म्हणते, मॅडम, तुमची तर बुकिंगच नाई. दसऱ्याच्या आधीपासून नाई. अन् तू मले काय सांगून राह्यलता? 'केलं आई बुक, माल नाई येऊन राह्यला, लाइन आहे.' सगळ्या सिंदीत माल येते, माह्याच घरी नाई येत, अन् मी विश्वास ठेवला… हो ना. माह्या भल्यासाठी. डबा लावला तोही माह्या भल्यासाठी. त्या डब्यातलं वरण पाह्य एकदा. अरे, त्यात तोंड पाहून भांग पाडता येते… नाई, मी मजा नाई करून राह्यली. मी चिडली आहे. चिडली आहे हे तुले कळलं पाहिजे."

कळणार नाही तर काय. बाई चिडल्या की आवाज चढत नाही, उलट एकेक शब्द सुटा होतो, वर्गात फळ्यावर हातचा लिहून दाखवावा तसा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या अर्ध्या गावाला तो आवाज माहीत आहे. माणिकही त्यातलाच. तो सिलिंडरवरून उठून उभा राहिला.

"पदर… हो, पेटलता पदर. विझवला ना मीच… पदर मी नाई पेटवला, शेगडीनं पेटवला… ऐक. अरे ऐक ना… गजू, मधे बोलशील तर मी माणिकले घरात बसवून जेवू घालीन, पण फोन नाई ठेवणार. ऐक. माह्यं डोकं ठीक आहे. ती शेगडी दुसऱ्या गॅसची आहे… दुसऱ्या गॅसची. तुमच्या पुण्याच्या पाइपाच्या गॅसची… हसून राह्यला? हस. हसून घे."

शेगडीची गोष्ट अशी, की तान्ह्या पोळ्याच्या सणाला गजेंद्र, सून यामिनी आणि नात ईरा गाडी घेऊन आले होते. डिक्कीत शेगडी. काचेची, तीन बर्नरची, चकचकीत. पुण्याच्या स्वयंपाकघरात नवी बसवली म्हणून ही वापरलेली आईला. आणि आईची जुनी लोखंडी शेगडी, जिच्यावर प्रभाकररावांचा चहा आणि गजेंद्रची अख्खी शाळा निघाली, ती त्यानं त्याच दुपारी भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवून दिली. विचारलंसुद्धा नाही. "आई, नवीन वापर आता," म्हणाला.

नवीन कसली, करंटी शेगडी. पुण्याची मंडळी परत गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून बाईंच्या मागे पीडा लागली. ज्योत पिवळी, उंच, पातेल्याच्या कडेनं वर चढणारी. भांड्यांची बुडं कोळशासारखी. घरभर धूर, डोळ्यांत पाणी, डोकं जड. पोळी आत कच्ची, वरून करपलेली. बाईंनी बटण लहान करून पाहिलं, मोठं करून पाहिलं, बर्नर घासले. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "आई, इथं तर इतकी वर्षं मस्त चालली. तू बटण पूर्ण सोडत असशील." मग म्हणाला, "विसरत असशील." मग एक दिवस पदरानं पेट घेतला, आणि त्यानंतर तो म्हणाला ते आता बाई स्वतःच बोलून दाखवत होत्या.

"'आई, तुझं वय झालं.' हेच म्हटलं होतं ना? 'आता एकटीनं राहणं शक्य नाही.' अन् मले खरं वाटलं. तू सांगतलं म्हणून खरं वाटलं… थांब. सांगते कसं कळलं. तुह्या कृपेनं सिलिंडर संपलं, तर सकाळचा चहा मी सुलोचनाकडं घेऊन राह्यली… शेजारची सुलोचना रे, तहसीलात आहे ती. चार दिवसांमागं तिले घाई होती, म्हणे काकू, तुम्हीच मांडा आज. मी मांडला. तर ज्योत निळी. एवढीशी, बसकी, निळी. मी पाहतच राह्यली. हात तर हेच होते ना माह्ये? घर बदललं म्हणून हात बदलते का?"

पलीकडून काहीतरी आलं. बाईंनी ते नाकावरची माशी उडवावी तसं उडवलं.

"योगायोग नाई. गणिताच्या बाईले योगायोग नको सांगू. मी काय केलं, तुह्यी काचेची शेगडी उचलून तिच्या घरी नेली. तिनं अन् मी मिळून… नाई पडली, काही नाई झालं. तिच्याच सिलिंडरले लावली. अन् पेटवली सुलोचनानं. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी होती, दोन पावलं लांब. काय झालं असन?… सांग ना, काय झालं असन?… पिवळी. हातभर. सुलोचना किंचाळून मागं सरली. मंग आता सुलोचनाचंही वय झालं का? मले नेलं तसं तिलेही नेतं का डॉक्टरकडं?… सिलिंडर तेच, घर तेच, माणूस दुसरं. फक्त शेगडी बदलली. पाचवीतलं पोरगं सांगीन, दोष कोणाचा."

माणिकनं मान डोलावली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो पुन्हा गल्लीकडे बघायला लागला. मागचा ट्रॅक्टरवाला आता खाली उतरून तणतणत होता.

"हो रे माणिक, देते, आत्ता देते… गजू, आकडे… आधी काय पटवून द्यायचं? अजून काय पटवून देऊ? शेगडी उलटी केली आम्ही. बुडाले चिठ्ठी चिकटवलेली, बारीक अक्षरात, फक्त पाइपाच्या गॅससाठी. तेलकट झालती, सुलोचनानं ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा वाचता आली. मंग एजन्सीचा मिस्त्री बोलावला. त्यानं आतलं जेट काढून दाखवलं… जेट म्हणजे पितळेचं बोंडूक असते रे, मधे छिद्र. त्यातून गॅस बर्नरात येते. तुमच्या पाइपातला गॅस येते हळू, म्हणून त्याले छिद्र मोठं पाहिजे. सिलिंडरातला येते जोरानं, त्याले बारीक पाहिजे. मोठ्या छिद्रातून सिलिंडरचा गॅस सोडला तर तो भसकन येते, पुरा जळत नाई, पिवळा होते, काजळी धरते. कळलं?… इंजिनियर झाला ना तू? मंग तुले माह्यापेक्षा लवकर कळाले पाहिजे."

"… नाई, छिद्रात तार-बीर नाई घातली. असले धंदे मी करत नाई. तिन्ही जेट नवीन टाकले, सिलिंडरचे. रबरी पाइप नवीन. साबणाचं पाणी लावून पाह्यलं, बुडबुडा नाई. सुलोचनाच्या सिलिंडरवर पेटवली, निळी. आता ती माह्या ओट्यावर बसली आहे अन् मले फक्त सिलिंडर पाहिजे. ते दारात आहे. अन् कोड तुह्याजवळ आहे. आता सांग."

बाईंना वाटलं, आता तरी सांगेल. इतकं सोडवून दाखवल्यावर गाढवालाही उत्तर लिहिता येतं. पण पलीकडून आकडे आले नाहीत. आलं ते ऐकून त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"'तरीही'? तरीही म्हणजे काय?… डॉक्टर काय म्हटलं? काहीच नाई म्हटलं डॉक्टरनं. मले म्हणे शंभरातून सात वजा करा, मंग त्यातून सात, मंग अजून सात. मले. मी पोरांकडून उलटे पाढे म्हणून घेतले आहेत आयुष्यभर. अन् तू बाजूच्या खुर्चीवर बसून मले चुचकारत होता, 'घाबरू नको आई, सांग जमेल तसं.' मी घाबरली होती रे. खरंच घाबरली होती. त्र्याण्णव म्हणताना माह्यी जीभ अडली… हो, अडली. कारण माह्या पोटच्या पोराले वाटून राह्यलं होतं की मले येणार नाई."

मग आठवलं तसं बोलायला लागल्या, आणि आता आवाज खरंच चढला.

"अन् गावभर काऊन सांगत सुटला? महादेवरावमामाले काय सांगतलं तू? 'आईचं आता हरवत चाललंय.' नाचणगाववरून पुतणीचा, भावनाचा फोन आलता. रडत होती पोरगी. म्हणे, काकू, मी भावना, मले ओळखता ना? मी तिचं बारसं जेवली आहे, तिचं लग्न जुळवून देल्लं मी, अन् मले विचारते ओळखता का… चूक तिची नाई, तिले कशाले दोष देऊ. रोज झोपताना मी पाचदा ओट्यापाशी जात होती. बटणं चाचपत होती. लाइट लावून पुन्हा पाहत होती. देवापुढं बसून सतरा, एकोणीस, एकोणतीसचे पाढे म्हणत होती, चुकते का म्हणून. हे तुले माहीत आहे?… नाई ना. तुले फक्त पदर माहीत आहे."

"… उद्या गाडी? कोणती गाडी?… अरे, मी पुण्याले येते असं म्हटलं कधी? तूच म्हटलं, तूच ठरवलं. मी फक्त रडत होती, त्याले तू हो समजला."

आणि मग बाईंच्या मनात एक प्रश्न आला. खरं तर तो त्यांनी आधीच विचारायला हवा होता, पण रागाच्या भरात माणूस मोठं मोठं बोलतो आणि साधं विचारायचं राहून जातं.

"गजू, एक सांग. ती शेगडी तुम्ही घेतली तेव्हा तर सिलिंडरच होतं तुमच्याकडं. पाइप मागून आला. मंग हे मोठं छिद्र कोणी पाडलं?… कोण? पाइपवाल्याचा माणूस. त्यानं शेगडी उलटी केली, जेट बदलले. हो ना?… अन् ती चिठ्ठी त्यानंच चिकटवली… घरी कोण होतं तेव्हा? यामिनी?… तू होता. तू उभा होता समोर."

"… काय सांगतलं त्यानं तुले? सांगतलं असनच ना काही… 'आता ही सिलिंडरवर वापरू नका.' असं सांगतलं… बरं. आता हे तुले आत्ता आठवलं का आधी?"



"हॅलो?… गजेंद्र?… हॅलो, आहेस ना?… मी विचारलं, आत्ता आठवलं का आधी?"

"… आधी. आधी म्हणजे कधी?"

"… पदर पेटला म्हणून मी फोन केला, तेव्हा."

देवकाबाई स्टुलावर बसल्या. त्यांना बसताना माणिकनं धरायला हात पुढं केला, तो त्यांना दिसलाच नाही.

"म्हणजे तेव्हा तुले कळलं होतं. मी फोनवर थरथरत होती, साडी जळाली म्हणून, अन् तुले कळलं होतं की हे शेगडीचं आहे… म्हणून सिलिंडर बंद केलं. म्हणून डबा लावला. मी जळू नये म्हणून… हो, हो, कळते मले. जळू देल्लं नाईस, उपकार झाले. पण सांगतलं काऊन नाई? दोन शब्द होते रे. आई, शेगडी वापरू नको. संपलं असतं… लाज वाटली? माह्यी जुनी शेगडी भंगारात देल्ली म्हणून लाज वाटली?… बरं, पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? अन् मंग डॉक्टरकडं काऊन नेलं? तुले माहीत होतं मले काही झालं नाई. तरी त्या खुर्चीवर बसवलं तू मले."

"… स्पष्ट बोल. तोंडातल्या तोंडात नको बोलू… यामिनीची नोकरी… पुन्हा रुजू व्हायचं आहे तिले… अन् ईरा… मंग शाळेतून आल्यावर ईराजवळ कोणी नसन… पाळणाघरात ठेवून पाह्यलं तर रडते… म्हणून."

"… 'तू आली नसतीस.' असं कोणी सांगतलं तुले?… 'तू सिंदी सोडत नाहीस, सगळ्यांना माहीत आहे.' मंग विचारलं का तू? एकदा तरी विचारलं?"

पलीकडे गजेंद्र बोलायला लागला. बराच वेळ बोलला. गल्लीत ट्रॅक्टरवाल्यानं आपलं वाहन कसंबसं मागं घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. बाईंना राग शोधावा लागत होता. इतका वेळ तो तोंडाशी होता, आणि आता जिथं खरा लागायचा तिथं तो सापडत नव्हता.

"झालं?… आता ते आकडे सांग… हं. सात… शून्य… पुन्हा सांग… तीन. अन् शेवटचा?… आठ. माणिक, सात शून्य तीन आठ… झालं त्याचं. आत ठेव बाबा, ओट्याखाली."

माणिक सिलिंडर कलतं करून गोल फिरवत आत घेऊन गेला. फरशीवर त्याचा खडखडाट झाला, म्हणून बाईंनी दुसरा कान हातानं दाबला.

"अन् सोमवारी एजन्सीत जाऊन मी माह्या मोबाइलचा नंबर टाकणार आहे… नाई, तू नको करू काही. माह्यी मी करते. अन् मामाले फोन कर. भावनाले कर. ज्याले ज्याले मी वेडी म्हणून सांगतलं त्या एकेकाले सांग की शेगडी चुकली होती. आई चुकली नव्हती. ते मी नाई सांगणार, तू सांगशील… हो. आजच."

"… काय?… मंग आता तरी ये?"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती.

"गजू, ईरा तान्ही होती तेव्हा मी तिले पायावर घेऊन न्हाऊ घातलं. तिचं पोट दुखलं की माह्याच मांडीवर झोपे. तू नुसतं म्हटलं असतं ना, की आई, अडचण आहे, ईरा रडते, ये. एवढंच. डॉक्टर नाई, डबा नाई, मामा नाई. मी घराले कुलूप लावून त्याच दिवशीच्या गाडीनं निघाली असती. जागा नसती मिळाली तर उभी राहून आली असती… तुले ते माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं माह्यं पोरगं होऊन तुले ते माहीत नव्हतं."

"… आता नाई. आता मी आली तर तुह्या घरात रोज बटणं चाचपीन. अन् तू माह्याकडं पाहशील तेव्हा मी विचार करीन, हा काय लपवून राह्यला… ईराले सुट्टीत पाठव इकडं. तिले आणाले तू ये किंवा यामिनी येवो. जेवू घालीन. पण नेण्याचं नाव काढायचं नाई."

"… रडू नको. बायको घरी आहे ना? मंग… ईरा? तिथंच आहे? नको, आत्ता नको देऊ तिच्याजवळ फोन. माह्या आवाजावरून तिले कळते… नको म्हटलं ना… तू ठेव आता… ठेव रे… बरं. मीच ठेवते."